आपली बातमी कोणी लिहायची?

दरवर्षी सप्टेंबर लागला की शाळेत १७ तारखेच्या भाषणांची तयारी सुरू होते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मुले स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही नावे पाठ करतात, निजामाला दोन-चार सणसणीत विशेषणे लावतात आणि रझाकारांचे जुलूम सांगतात. ‘रझाकार’ हा शब्द आला की आमच्या वर्गातली काही मुले खाली मान घालतात. त्यांना कोणी काही बोललेले नसते. तरी ती खाली बघतात. वीस वर्षे झाली, हे आम्ही पाहत आलो आहोत.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने सरावाच्या वेळी विचारले, “आपा, त्या वेळी आपल्यातलं कोणीच निजामाच्या विरुद्ध बोललं नाही का?”

उत्तर आम्हाला ठाऊक होते. इतकी वर्षे ते वर्गात कधी सांगितले नव्हते, याची मात्र शरम वाटली. तेव्हा या महिन्यात आधी ते उत्तर सांगतो आणि मग त्याच्या अनुषंगाने आपल्या सर्वांची जी नेहमीची तक्रार आहे तिच्याकडे वळतो. वर्तमानपत्रात आपली बातमी येत नाही, आली तर उलटी येते, ही ती तक्रार.

शोएबुल्ला खान हे त्या उत्तराचे नाव. उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर, उर्दू पत्रकार. ‘रय्यत’ या उर्दू पत्रात तो काम करी. ते निजाम सरकारने बंद पाडले, तेव्हा १९४७ च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःचे ‘इमरोज’ काढले. इमरोज म्हणजे आजचा दिवस. हैदराबाद संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे, रझाकारांची मनमानी थांबवावी, असे तो उघड लिहीत असे. हेच मत मांडणारे सात मुसलमान जाणत्यांचे निवेदन ऑगस्ट १९४८ मध्ये निघाले, तेही त्याने छापले. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा आपल्या लातूरचा वकील. हैदराबादेत भर सभेत त्याने अशा लोकांचे हात तोडण्याची भाषा केली होती. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतले काम आटोपून घरी परतताना शोएबुल्लाला गोळ्या घातल्या आणि ज्या हाताने तो लिहायचा तो हात तोडला. वय अवघे सत्तावीस.

हे सगळे तो उर्दूत लिहीत होता, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या इंग्रजी पत्रात त्याने हेच लिहिले असते तर तिकडे वाहवा झाली असती आणि हैदराबादेत “बाहेरच्यांनी विकत घेतला” म्हणून लोकांनी सोडून दिले असते. त्याने ते आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच लिपीत, चहाच्या दुकानात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या कागदावर लिहिले. ज्यांना ते झोंबणार होते त्यांच्याच हातात तो कागद पडत होता.

उत्तर इथे संपले असते तर सोपे होते. त्या मुलीची दादी आहे, आमचीही होती. आमच्या दादी कुठलीही जुनी गोष्ट सांगताना “ॲक्शन के साल” असे म्हणत. पुलिस ॲक्शनचे साल. १३ सप्टेंबरला फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या मुसलमानांवर जे गुदरले ते दादी हळू आवाजात सांगत आणि मध्येच थांबत. त्यांच्या माहेरच्या घरातल्या बायकामुलांना शेजारच्या पाटलांनी गोठ्यात लपवले होते. पुरुषांचे काय झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी त्याच वर्षाअखेरीस या भागात फिरून अहवाल तयार केला. काझीसाहेब स्वतः ‘पयाम’ या हैदराबादच्या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. त्याआधी रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार या अहवालात नाकारलेले नाहीत. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यात आहेत. हा अहवाल सरकारने छापलाच नाही. साधारण २०१३ च्या सुमारास तो लोकांना पाहायला मिळू लागला. म्हणजे पासष्ट वर्षे दादींचा हळू आवाज हेच त्याचे वर्तमानपत्र होते.

आता तक्रारीकडे येऊ.

पुसेगाव म्हटले की सगळ्या महाराष्ट्राला साताऱ्याचे पुसेगाव आठवते. सेवागिरी महाराजांची यात्रा, बैलांचा बाजार, पानभर फोटो. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. आम्ही पत्ता सांगितला की समोरचा “अच्छा, खटाव तालुका” म्हणतो आणि आम्ही “नाही हो” म्हणतो. इथे हळद होते, सोयाबीन होते, पाऊस उशिरा आला की पेरणी दुबार होते. एवढ्यापुरते आम्ही सगळे मिळून, हिंदू-मुसलमान-बौद्ध, वर्तमानपत्राच्या नजरेत सारखेच लांब आहोत.

लांबच्या गावाची बातमी शहरात कशी पोहोचते, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. तालुक्याचा वार्ताहर हा बहुतेक वेळा पगारी माणूस नसतो. तोच अंक वाटणारा एजंट, तोच जाहिराती गोळा करणारा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर त्याला कमिशन मिळते, त्यावर त्याचे घर चालते. अशा एका ओळखीच्या वार्ताहराने आम्हाला एकदा मोकळेपणाने सांगितले, “मॅडम, तुमच्या मोहल्ल्यातून मला वर्षाला एक जाहिरात मिळत नाही. मी तिकडे यायचं तरी कशाला?” गुन्ह्याची बातमी मात्र त्याला फुकट आणि तयार मिळते. पोलीस ठाण्यातून टिपण येते, त्यात आरोपीचे पूर्ण नाव असते, तो ते तसेच पुढे पाठवतो. त्यामुळे आपली माणसे छापून येतात ती दोनदा. ईदच्या दिवशी गळाभेट घेताना आणि ठाण्याच्या टिपणातून. मधल्या दिवसांत मोहल्ल्यातली मुलगी बारावीला पहिली आली, कोणी तरुणाने विहिरीत पडलेल्या म्हशीला दोर लावून वर काढले, अंगणवाडीचे छत गळते, हे सारे घडते. सांगणारा कोणी नसतो.

त्या वार्ताहराच्या मनात आकस नाही. तो आजही आमच्याकडे शिरखुर्म्याला येतो. आकस नसतानाही चित्र वाकडे उमटते, कारण ते ज्या कागदांवरून काढले जाते ते कागद एकाच दारातून येतात.

आकस असला की काय होते ते २०२० च्या एप्रिलमध्ये पाहिले. दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि आठ दिवसांत आमच्या भागातल्या एका भाजीवाल्याची गाडी अडवली गेली. हा माणूस आयुष्यात हिंगोली-परभणीच्या पलीकडे गेलेला नाही. तबलीगशी त्याचा संबंध एवढाच की शुक्रवारी तो मशिदीत असतो. बायका दारातूनच म्हणाल्या, “चाचा, नको. चार दिवस येऊ नका.” वाईट बोलल्या नाहीत, पण घेतलेही नाही. फळांना थुंकी लावणाऱ्या म्हाताऱ्याची एक चित्रफीत त्या दिवसांत प्रत्येक फोनमध्ये होती. ती मध्य प्रदेशातल्या रायसेनची आणि टाळेबंदीच्या आधीची, फेब्रुवारीतली होती, हे नंतर उघड झाले. चाचांची मेथी आणि वांगी तोवर सडून गेली होती.

आम्ही मराठीत एक पत्र लिहून आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्राला पाठवले. चाचांचे नाव न घेता, शांत भाषेत. ते छापले गेले नाही.

मग २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आला. आपण हिंगोलीकर ज्या खंडपीठाच्या हद्दीत राहतो तेच हे. आयव्हरी कोस्ट, घाना, इंडोनेशिया अशा देशांतून आलेल्या आणि अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे खटले रद्द झाले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात छापील आणि टीव्ही माध्यमांच्या प्रचाराबद्दल स्पष्ट लिहिले. या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे त्यांनी म्हटले. एप्रिलमध्ये पहिल्या पानावर आलेला विषय ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या अंकात आतल्या पानावर, हाताच्या पंज्याने झाकला जाईल एवढा होता. शोएबुल्ला खानला मारले ती तारीखही २१ ऑगस्टच, हे आमच्या बरेच उशिरा लक्षात आले.

उर्दू वर्तमानपत्रांनी हा निकाल मोठा छापला. आमच्या अब्बांच्या काळापासून घरात उर्दू पेपर आहे. हैदराबादचे ‘सियासत’ एस.टी.ने एक दिवस शिळे येई आणि अब्बा ते ताजे समजून वाचत. तेव्हा उर्दू पत्रांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ते कात्रण घेऊन आम्ही कोणाकडे जाणार होतो? चाचांना “येऊ नका” म्हणणाऱ्या ज्या घरांना ते वाचून दाखवायला हवे होते, त्या घरात कोणाला उर्दू येत नाही. आणि ज्यांना उर्दू येते त्यांना ते आधीच माहीत होते. आपली सफाई आपण आपल्यालाच देत बसलो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आधी दुसऱ्यांना पडलेला आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढला, कारण शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचे म्हणणे पुण्यामुंबईच्या पत्रांत येत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. या दोन्ही पत्रांनी भाषा मराठी निवडली. आपल्या लोकांना ती कळत होती आणि ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांनाही ती वाचता येत होती. मराठीतून निघणारे आपले हे मासिक आम्हाला म्हणूनच मोलाचे वाटते. अंक वाचून झाला की आम्ही तो शाळेच्या स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवतो. कधी कोणी उचलतो, कधी त्यावर चहाचा कप ठेवतो. दोन्ही चालते.

मुंबईचा ‘इन्किलाब’ अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ मध्ये काढला. पुढे त्याच घराण्याने १९७९ मध्ये इंग्रजी ‘मिड-डे’ सुरू केले, म्हणजे उर्दूच्या घरातून इंग्रजी पेपर निघाला. २०१० मध्ये दोन्ही हिंदीतल्या मोठ्या जागरण समूहाकडे गेले. कोणी याला प्रगती म्हणेल, कोणी नुकसान. लहान पेपर आणि मोठा पेपर यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही, आणि पैसा तिच्यातून सहज जातो, एवढेच त्यावरून आम्हाला दिसते.

आता जे लिहायला हात जड होतो ते.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या दंगलीचा म्हणून एक फोटो आमच्या फोनवर आला. जळालेली घरे, रस्त्यावर बसलेली एक बाई, खाली उर्दूत चार ओळी. आम्ही तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. बी.एड. झालेले, मुलांना ‘बातमीलेखन’ शिकवणारे आम्ही, दोन मिनिटेही थांबलो नाही. रात्री पुण्यात शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचा निरोप आला की आपा, हा फोटो परदेशातला आहे आणि फार जुना आहे. त्याने मूळ जागाही पाठवली. आम्ही ग्रुपवर चूक कबूल केली. त्यावर एका भाईंनी लिहिले, “फोटो झूठा होगा, जुल्म तो सच्चा है ना?” खाली अकरा जणांनी अंगठे दिले.

त्या वाक्याने आमची झोप गेली. चाचांची गाडी अडवणाऱ्यांना रायसेनच्या चित्रफितीबद्दल सांगितले तेव्हा एक जण नेमके हेच म्हणाला होता. क्लिप जुनी असेल मॅडम, पण करतात ना असं.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. तो आपण दर वेळी टीव्हीवाल्यांना ऐकवतो. सूरह निसामध्ये त्याहून अवघड हुकूम आहे. न्यायाची साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. तो आपण कमी ऐकवतो. औरंगाबादच्या निकालाचेच पाहा. खंडपीठावरचे दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी खटले रद्द करण्याला संमती दिली, पण नलावडेसाहेबांच्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही, असे स्वतंत्रपणे नोंदवले. आमच्याकडे आलेल्या एकाही उर्दू कात्रणात ती ओळ नव्हती. ती छापली असती तर निकाल कमी झाला नसता, खटले रद्दच राहिले असते. वाचणाऱ्याला एवढेच कळले असते की हे लोक आपल्या सोयीचे तेवढेच सांगत नाहीत.

या सदरातही तसे झाले आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही सातवी-आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या आपल्या मुलींबद्दल लिहिले. गावाचे नाव टाकले होते, मुलींची नव्हती. चार दिवसांनी एका बुजुर्गांचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. “बेटी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणलीस? उद्या हेच ते लोक मोठ्या अक्षरात छापतील.” आम्ही म्हटले, “चाचाजान, हजेरीपट सरकारी असतो. त्यावर लाल शाईने रेघ मारली की ती तालुक्याला कळते, जिल्ह्याला कळते. फक्त आपल्यालाच ती कोणी वाचून दाखवत नाही.” ते गप्प राहिले आणि सलाम करून फोन ठेवला. त्या लेखानंतर गावातल्या दोन मुली परत आल्या. तिसरीचा निकाह ठरला होता.

बुजुर्गांची भीती खोटी नाही, हेही लिहिले पाहिजे. आपण आपल्याबद्दल लिहिलेली खरी गोष्ट कोणीतरी उचलतो आणि आपल्यावरच फेकतो, हे घडते. शोएबुल्ला खानचे नावही आज असे वापरले जाते. त्याला शाबासकी देतात आणि त्याच दमात बाकीच्या सगळ्यांना रझाकार ठरवतात. तरी त्या भीतीने मासिकात फक्त हाजींचे सत्कार, निकाहची अभिनंदने आणि इंतकालच्या बातम्या राहिल्या, तर आपली खरी बातमी लिहायला उरले फक्त पोलीस ठाणे.

संपादकांशी बोलून एक ठरवले आहे. पुढच्या अंकापासून या सदराखाली एक चौकट असेल, वाचकांनी पाठवलेल्या गावच्या बातमीची. सत्काराची नको. काय घडले, कोणी पाहिले, दुसऱ्या बाजूचे काय म्हणणे आहे, एवढे लिहा. तपासण्यासाठी तुमचा फोन नंबर द्या, तो छापणार नाही. चूक निघाली तर त्याच चौकटीत, त्याच अक्षरात दुरुस्ती येईल. पहिली बातमी आमची. भाजीवाले चाचा परत गाडी घेऊन फिरतात, पण दोन गल्ल्या सोडून. त्या गल्ल्यांमधल्या घरांशीही आम्ही बोलणार आहोत.

ती मुलगी आता दहावीत आहे. या १७ सप्टेंबरला तिने भाषणाला नाव दिले आहे. मराठीत दोन पाने लिहून आणली. पहिल्या पानावर शोएबुल्ला खान, दुसऱ्यावर तिच्या दादीचे “ॲक्शन के साल”. आम्ही म्हटले, वेळ तीन मिनिटांची आहे, काहीतरी काढावे लागेल. तिला वाटले आम्ही दुसरे पान काढायला सांगणार, म्हणून तिने ते पाठीमागे धरले. मग बाकावर बसून बराच वेळ विचार करून तिने सुरुवातीचा शेर खोडला, “सन्माननीय व्यासपीठ” खोडले आणि घड्याळ लावून पुन्हा वाचून पाहिले. तीन मिनिटे दहा सेकंद. दहा सेकंदांचे बघू, असे आम्ही म्हटले आहे.